चौथी मूठ

१

"कुंवरसाहेब चौकी सोडीसन गयात हाई खरं शे मगन, पण मांगून त्या…"

एवढंच ऐकलं मी. तेवढ्यात मगनने चक्कीचा पट्टा चढवला आणि गिरधर नानांचं पुढचं बोलणं पिठात गेलं.

मी बाहेर ओट्यावर डबा घेऊन बसले होते. कान टवकारले, मान लांब केली, पण चक्कीपुढे कोणाचं चालतं? नाना बोलत होते, मगन मान हलवत होता, आणि मला फक्त नानांच्या मिशा हलताना दिसत होत्या. गल्लीत मला सगळे चौकशी खातं म्हणतात. म्हणू देत. पण ही चौकशी नुसती जिभेची खाज नव्हती. कुंवरसाहेबांच्या त्या चौकीवर माझा सासरा होता.

कुंवरसाहेब म्हणजे खडकदेवी संस्थानचे धाकटे राजकुमार. संस्थान कधीच गेलं, राजकुमार तेवढे राहिले. एकाहत्तरच्या लढाईत ते मेजर होते, सरहद्दीवर कालव्याच्या पुढे त्यांची चौकी होती. ती चौकी पडली. कोणी म्हणतं, कुंवरसाहेब शेवटपर्यंत लढले. कोणी म्हणतं, सगळ्यात आधी तेच निघाले. त्यांना पदक मिळालं आणि भांडण मात्र तसंच राहिलं. पेपरात अजून कोणी ना कोणी त्यावर लिहितं. दोन वर्षांपूर्वी ते इंदूरला म्हातारपणाने गेले.

आमच्या शिंदखेड्यातली दोन पोरं तेव्हा त्यांच्या हाताखाली होती. एक शालिग्राम आबा, आमचे शेजारी, भिंतीला भिंत. दुसरे माझे सासरे हिलाल. आबा परत आले. हिलाल आले नाहीत. पलटणीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'चौकी सोडून गेला. बेपत्ता.'

त्या एका ओळीवर आमच्या घराने पन्नास वर्षं काढली. माझे मालक, लोटन, तेव्हा आईच्या पोटात होते. शाळेत त्यांना पोरं 'पळपुट्याचा' म्हणायची. अजूनही सव्वीस जानेवारीला ते झेंड्याला जात नाहीत, म्हशीला चारा टाकायचं काढतात.

२

आता कुंवरसाहेबांच्या घरच्यांनी शाळेला दगडी कमान दिली होती. पंधरा ऑगस्टला उद्घाटन. कमानीवर कुंवरसाहेबांचं नाव, खाली त्यांच्या हाताखालच्या गावकऱ्यांची नावं. म्हणजे एकच नाव. शालिग्राम आबांचं.

मी शाळेत जाऊन जीवराम सरांना म्हटलं, "सर, आमच्या मामंजींचं नाव टाका ना. जागा तर आहे."

सर भला माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "मोहिनीताई, जागा आहे हो. पण कागदात ते पळालेले आहेत. त्या वेळी तिथे असलेला कोणी लिहून देईल का, की हिलाल पळाले नाहीत?"

असा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे खोकत होता. त्याला मी लग्न झाल्यापासून तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "माले काई याद नही, बेटा."

खरं सांगते, त्या घराचा मला फार राग यायचा. रागही नाही, जळायचंच मन. दर झेंडावंदनाला आबांना खुर्ची, शाल, नारळ. त्यांची सून दिपमाला ती शाल लगेच घडी करून कपाटात ठेवायची, आणि कपाट उघडताना मला बोलवायची. "वहिनी, ही बघा, यंदा मरून रंगाची." बावीस शाली. बावीस! आमच्याकडे सासऱ्यांचा एक फोटो, तोही लग्नातला, त्यात मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं. दिपमालाच्या बैठकीत मात्र कुंवरसाहेबांचा हा मोठा फोटो. हातात छडी, बोटात जाड अंगठी. आबा सांगायचे, कोणाची वाट बघायची असली की साहेब ती अंगठी चहाच्या मगावर वाजवायचे. टक टक. टक टक.

३

नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायच्या तर घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. आमच्या गल्लीत ज्याची मूठ त्याने स्वतः घालायची. माणूस गावाला असेल तर घरातली मोठी बाई त्याच्या नावाने घालते. आणि ते रोट भावकीबाहेर जात नाहीत. शेजारणीला पुरणपोळी देतील, रोटाचा तुकडा नाही.

माझी सासू ताईबाई. मरेपर्यंत तिने कुंकू पुसलं नाही. दर कानबाईला हिलालच्या नावाची मूठ ती घालायची, आणि ती मूठ मुद्दाम सैल ठेवायची. सासऱ्यांची करंगळी लहानपणी बैलाच्या दोरात सापडून वाकडी झाली होती, मूठ पुरती मिटायची नाही, त्यामुळे गहू ताटात पडताना एकदम पडायचे नाहीत, झरत राहायचे. सासू तो आवाज करून दाखवायची. सर्र… आणि मग र-र-र-र, शेवटच्या दाण्यापर्यंत. "असा तुझा सासरा," म्हणायची. तिच्यामागे मी तशीच मूठ घालते.

कमानीच्या त्या वर्षी, कानबाईआधीच्या बुधवारी दुपारी, दिपमाला माझ्या दारात चाळणी मागायला आली होती. "यांनी आणि प्रेमराजने मुठी घातल्या आत्ताच," ती म्हणाली. "दोघं घालून शेतात गेलेही. आता आबांची तेवढी राहिली." आम्ही गंगाफळाच्या, लाल भोपळ्याच्या, भावावर बोलत होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. पितळी ताटात गहू. सर्र.

"घातली आबांनी," दिपमाला म्हणाली.

आणि मग पुन्हा. सर्र… र-र-र-र-र.

माझ्या हातातली चाळणी हातातच राहिली.

"घरात आणखी कोण आहे गं?"

"कोणी नाही. का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, चाळणी ओढून घेतली आणि निघाली. गंगाफळ अर्ध्यावर सोडून. दिपमाला भाव अर्ध्यावर सोडणारी बाई नाही.

मी स्वतःला समजावलं. उंदीर असेल. जुनी मातीची भिंत, पावसाळ्यात आतली माती झरते. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो, त्यातून सांडले असतील. तीन कारणं सापडली, तिन्ही चांगली होती. पण मातीचा आवाज पितळेवर वाजत नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी वाटीभर खिचडी घेऊन गेले. रिकाम्या हाताने गेलं की माणसं आत घेत नाहीत.

मधल्या खोलीत पाटावर ताट होतं. ताटात गव्हाच्या ढिगल्या. मी मोजल्या. तीन उंच उंच होत्या, चौथी पसरट, एका बाजूने घरंगळलेली.

"तुमच्यात पुरुष तीन," मी म्हटलं.

दिपमालाने दार लोटून घेतलं. तिच्या तोंडावरची ती शालीवाली मिजास उतरली होती.

"माझं लग्न झालं तेव्हापासून एक जास्तच असते, वहिनी. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, विचारायचं नाही. मला वाटायचं, कुंवरसाहेबांच्या नावाची असेल. यांचा मोठा माणूस तो."

"घालतं कोण?"

तिने ताटावर फडकं टाकलं.

"आणि चौथा रोट? तो कोण खातं?"

"आबांच्या खोलीत ठेवतो झाकून. सोमवारी ताट स्वच्छ असतं."

"आबाच खात असतील."

"आबांना दात कुठे आहेत, वहिनी? त्यांचा रोट मी दुधात कुस्करून देते."

घरी आले आणि चुलीपुढे बसून राहिले. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीच्या खाली दुसरंच काही होतं, ते सांगायला लाज वाटते. आमच्याकडे हिलालच्या नावाचा रोट दर वर्षी देवीपुढे जसा ठेवू तसाच राहतो. कडक होतो, वर मुंग्यासुद्धा चढत नाहीत, मग गाईला घालतो. त्रेपन्न वर्षं. सासू दर सोमवारी तो रोट उचलताना पदराने तोंड झाकायची.

आणि त्यांचं ताट स्वच्छ!

खुर्ची त्यांची, शाल त्यांची, कमानीवरचं नाव त्यांचं. आणि आमचा माणूस, तोही त्यांच्याकडे जेवतो. त्यांचे रोट खातो, म्हणजे त्यांच्याच भावकीत गेला. माझ्या सासूने काय कमी केलं होतं?

संध्याकाळी गिरधर नानांना गाठलं. नाना आबांच्याच पलटणीत दहा वर्षांनी भरती झालेले. "नाना, परवा चक्कीवर काय म्हणत होता? कुंवरसाहेब गेले, पण मागून काय?"

"मी काई बोलनू नही, मोहिनीबाई."

"मिशा हलत होत्या की तुमच्या!"

"त्या हलतच राह्यतीस," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून गेले.

५

शुक्रवारी दुपारी दिपमाला बाजारात गेली. तिचा नवरा योगराज आणि मुलगा प्रेमराज शेतात. मी ओट्यावरून बघितलं आणि आत शिरले. चपला बाहेरच काढल्या, आवाज नको म्हणून.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, त्यामुळे आत काहीच दिसेना. मधल्या खोलीत गव्हाच्या कोठीचा वास. आबांच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. आतून आबांचा आवाज, हळू, समजुतीचा, पाहुण्याशी बोलावं तसा.

"बस ना. इतली घाई काय शे तुले?"

मग तो आवाज. र-र-र-र-र.

मी फटीतून बघितलं. आबा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मांडीवर ताट. ताटातले गहू दळायला दिले नव्हते अजून. कोठी आणि भिंत यांच्यामध्ये एक वीतभर काळोख आहे, तिथे मांजरही मावणार नाही. त्या काळोखातून ताटावर एक मूठ आलेली होती. मनगटापर्यंत वाळलेला चिखल. करंगळी बाहेर, वाकडी, बाभळीच्या काट्यासारखी. करंगळीजवळच्या फटीतून गहू पडत होते. पडत होते आणि मूठ काही रिकामी होत नव्हती.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा नुसता काळोख होता आणि कोठी.

"ये मोहिनी," आबा मागे न बघता म्हणाले. "तू देखं ना?"

मी दारातच खाली बसले. पण तोंड माझं कधी बंद राहिलंय? "आबा, आमचा माणूस तुमच्याकडे का येतो?"

आबांनी सांगितलं, तुकड्या तुकड्याने, मधे खोकत. त्या दुपारी चौकी सोडायचा हुकूम कुंवरसाहेबांनीच दिला. तारा तुटलेल्या. पुढच्या खड्ड्यात, तीनशे पावलांवर, हिलाल एकटा बंदूक धरून बसलेला. साहेबांनी आबांना सांगितलं, शालिग्राम, जा, त्याला घेऊन ये, मी कालव्यावर थांबतो.

"मी अर्धा मारगथून फिरी उनू," आबा म्हणाले. "मोहरीना वावरमा पडी राह्यनू. गोळ्या चालू व्हत्यात. मंग कालवावर गऊ. साहेब चहाना मग वाजाडत उभा व्हतात. टक टक. टक टक. इचारं, हिलाल कोठे शे? मी सांगं, मन्हा मांगे कोनी नही साहेब. तो पळी गया."

बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली.

"साहेब निंघी गयात. कागदवर तेच लिखं. आन मी घर उनू." आबांनी ताटातले गहू बोटाने सारखे केले. "पह्यली कानबाई. मी मूठ टाकी, बापनी टाकी. ताटमा तीन ढिगल्या. मी त्याले लेवाले गऊ नही ना, मोहिनी. मंग तोच मन्हा मांगे उना."

मला ओरडायचं होतं. माझ्या सासूचं अख्खं आयुष्य, माझ्या नवऱ्याची मान. पण मी त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याची पाठ अशी वाकलेली, जणू त्रेपन्न वर्षं कोणीतरी मागून श्वास सोडतंय.

मी एवढंच म्हटलं, "आबा, कागद लिहून द्या. आणि आमचा माणूस आम्हाला द्या."

"तो कसा येई?"

"तुम्हाला आणायला सांगितलं होतं ना? मग आणा."

६

मी ताट घेऊन पुढे चालले. त्यात फक्त चौथी ढिगली. मागे आबा, काठी टेकत. आबांच्या खोलीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत चाळीस पावलं असतील. भर दुपार, गल्लीत नळाला बाया, पोरं सायकली फिरवताहेत.

"काय आबा, कोठे निंघनात?" कोणीतरी विचारलं.

आबा माझ्या पाठीमागे हळूहळू म्हणत होते, "चाल हिलाल. चाल भाऊ. थोडंसंच राह्यनं." काठीचा ठक, चपलेचा फरफर, आणि त्यांच्याही मागे तिसरी चाल, ओल्या मातीत पाय रुतावा तशी. गल्लीत काँक्रीट आहे आमच्या.

मी मागे बघितलं नाही. शपथेवर सांगते, आयुष्यात पहिल्यांदा बघितलं नाही.

उंबऱ्यावर आबा थांबले. आत आमचे मालक म्हशीचं दोरखंड वळत होते. आबांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. "लोटन, तुन्हा बाप पळना नव्हता. पळनू ते मी." आणि तिथेच ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. लोटन उठले. मला वाटलं, मारतात की काय. त्यांनी तांब्याभर पाणी आणून म्हाताऱ्यापुढे धरलं.

नंतर गल्ली झाडायला गेले तेव्हा त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत गव्हाची एक रेघ दिसली. एकेक दाणा. एकाही चिमणीने त्याला चोच लावली नव्हती.

त्या सोमवारी देवीपुढचं हिलालचं ताट स्वच्छ होतं. लोटन त्या रिकाम्या ताटापुढे बराच वेळ बसले. मग ताटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाजी पुरली का गं त्यांना?"

पंधरा ऑगस्टला कमानीवर सासऱ्यांचं नाव लागलं. घाईत रंगाने लिहिलं, पण लागलं. आबांचा कागद जीवराम सरांनी सगळ्यांपुढे वाचला. आबांना खुर्ची होती, शाल नव्हती. मी दिपमालाकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. मला वाटलं होतं, तेव्हा आनंद होईल. झालाही थोडा.

७

आबा फाल्गुनात गेले. झोपेत, उताणे. दिपमाला म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा भिंतीकडे तोंड न करता झोपले होते.

दहाव्याला गिरधर नाना नदीवर भेटले. आता लपवायचं कोणासाठी, असं त्यांनाही वाटलं असेल. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "पण मांगून त्या परत गयात. अशी बोलवा शे पलटणमा. शालिग्रामवर इसवास नही बसना साहेबना. दुसरे दिन एकटाच गयात म्हणे, हिलालले धुंडाले."

"मग सापडले का?"

"कोनी देखं नही. म्हणीसन कोठे लिखं बी नही. गयात का नही, ते बी देव जाणे."

म्हणजे कुंवरसाहेब चौकी सोडून गेले हे खरं. ते आबांनी लिहूनच दिलं. परत गेले का, याला कागद नाही, साक्षीदार नाही. पेपरवाले अजून भांडतात. मी एकदा जीवराम सरांना म्हटलं, दोन्ही लिहा. ते म्हणाले, ऐकीव गोष्ट दगडावर लिहीत नाहीत, मोहिनीताई.

यंदाची कानबाई आली. आमच्याकडे मुठी तीन. लोटनची, आमच्या मुलाची ललितची, आणि सासऱ्यांची. ती घालायला आता मला लागणार नाही, हे मला माहीत होतं. दुपारी दोघांनी आपापली मूठ घातली आणि दोघं बाहेर गेले. मी ताट पाटावर ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसले, पाठ फिरवून. मनात धाकधूक, पण खरं सांगायचं तर तोराही होता. आमचा माणूस आमच्या घरी!

सर्र… र-र-र-र-र. शेवटच्या दाण्यापर्यंत.

मी डोळे पुसले. उठणार, तेवढ्यात पुन्हा वाजलं. सर्र. घट्ट मिटलेली, भरगच्च मूठ. सवयीने हुकूम करणाऱ्या हाताची असावी तशी. आणि मग ताटाच्या काठावर, धातूवर धातू.

टक टक. टक टक.

मी जागची हलले नाही. कारणं शोधली. पाल. भांड्यांची मांडणी. ऊन लागून तडकणारा पत्रा. एकही कारण नीट बसेना.

भिंतीपलीकडून दिपमालाचा आवाज आला, अगदी भिंतीला तोंड लावून.

"वहिनी, तुमच्यात पुरुष किती?"

"का गं?"

"आमच्या यंदा दोनच झाल्या. तुमच्या चार ऐकल्या मी. कोण आलंय हो तुमच्याकडे?"

तिच्या आवाजात काय होतं ते मला लगेच ओळखू आलं. वर्षापूर्वी मी ते चुलीपुढे बसून गिळलं होतं.

माझ्या पाठीमागे, मधल्या खोलीत, ती अंगठी वाजतच होती. घाई नव्हती तिला. कोणीतरी अजून यायचं बाकी असल्यासारखी.

"दिपमाला," मी म्हटलं, "विचारायचं नसतं."